वरचं दूध

माझा आवाज मोठा आहे. जन्मजात नाही, धंद्यानं झालाय. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी काचा घासते. चाक फिरायला लागलं की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं, आणि संध्याकाळी चाक थांबलं तरी आवाज काही खाली उतरत नाही. त्यात सासूबाईंचा उजवा कान गेलेला, म्हणजे घरीही तोच कारभार. नवरा मला ‘भोंगा’ म्हणतो. लग्न ठरलं तेव्हा तो काहीतरी गोड म्हणायचा, ते आता दोघांनाही आठवत नाही.

मूल होणार नाही हे कळून चुकल्यावर आम्ही आधी भांडलो, मग गप्प बसलो, मग दत्तक घ्यायचं ठरवलं आणि संस्थेत नाव घातलं. संस्थेतली ताई घर बघून गेली, सासूबाईंशी गप्पा मारून गेली, नवऱ्याला ‘तुम्हाला राग येतो का’ असं विचारून गेली. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात उभा राहून वरच्या लोकांच्या शिव्या खातो. ‘आला तरी कुणावर काढू?’ म्हणाला. ताई हसली आणि आम्ही पास झालो.

मला मात्र एक वेड लागलं होतं. येणाऱ्या बाळाला मी अंगावर पाजणार होते. बाळंत न होताही दूध आणता येतं, हे दुकानात चष्म्याला आलेल्या एका बाईनं सांगितलं आणि ते माझ्या डोक्यातून जाईना. मूल दुसरीच्या पोटातून आलेलं असेल, तिचं नाक, तिचा रंग, सगळं तिचं असेल. पण निदान एक गोष्ट माझ्या अंगातून त्याच्या अंगात जावी, एवढीच माझी हाव होती. हाव म्हणा, हट्ट म्हणा.

नणंद म्हणाली, “अगं वहिनी, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

“नसेल तर आड खणेन,” मी म्हटलं. ती नंतर आमच्याकडे बरेच दिवस आली नाही.

डॉक्टरीणबाईंनी मात्र वेड्यात काढलं नाही. त्या म्हणाल्या, शरीराला फसवायचं असतं. आधी गोळ्या देऊन त्याला पटवायचं की तू गरोदर आहेस. मग एक दिवस गोळ्या बंद करायच्या आणि सांगायचं, झालीस बाळंत, आता लाग कामाला. वर त्यांनी हेही बजावलं की पोटभर येईलच असं नाही, कमी पडेल ते वरून द्यावं लागेल. मी मान डोलावली. वरून द्यायचं मला ऐकूच आलं नाही. मी सासूबाईंचीच सून.

गोळ्यांनी मळमळायचं, छाती दुखायची, कुणी धक्का दिला तर जीव जायचा. गोळ्या बंद झाल्या आणि पंप सुरू झाला. घरी सकाळ-संध्याकाळ, आणि मधल्या वेळात दुकानात. दुकानात आडोसा एकच, डोळे तपासायची अंधारी खोली. समोर भिंतीवर उजेडाची पाटी, तिच्यावर खाली खाली बारीक होत जाणारी अक्षरं, आणि मी खुर्चीत बसून छातीला पंप लावलेली. मालक बाहेरून ओरडायचे, “आटप गं बाई! इथं गिऱ्हाईक आंधळं व्हायची वेळ आली.”

सासूबाईंनी उभं आयुष्य गाई राखण्यात घालवलं होतं. पंप पहिल्यांदा बघितला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला. मग म्हणाल्या, “वासरू मेलं की आम्ही त्याचं कातडं पेंढा भरून गाईपुढं ठेवायचो. गाय ते चाटायची आणि पान्हा सोडायची.”

“तिला कळायचं नाही?”

“कळत असणार. पण आचळं फुटायला आल्यावर कोण विचार करत बसतं?”

तेव्हापासून पंपाचं नाव ‘वासरू’ पडलं. वासरू धुतलंस का, वासरू पिशवीत घेतलंस का. बरेच दिवस ते वासरू उपाशीच होतं. मग एकदा बाटलीच्या तळाशी काहीतरी पिवळसर चिकट दिसलं. मी ती बाटली खिडकीशी नेऊन उजेडात धरली, काचेतला ओरखडा बघावा तशी. मी रडले. सासूबाई म्हणाल्या, “थेंबे थेंबे तळे साचे.” नवरा म्हणाला, “तळं कसलं, डास तरी बुडेल का त्यात?” आणि त्यानंही डोळे पुसले.

पुढं एक गंमत झाली. पंपाची घरघर आणि माझ्या चाकाची घरघर जवळजवळ एकाच सुरातली. शरीराला काय कळणार? दुकानात चाक सुरू केलं की छातीत मुंग्या यायच्या आणि एप्रन ओला व्हायचा. मी एप्रनखाली जाड कापडाच्या घड्या घालायला लागले. मालकांनी एकदा बघितलं आणि नजर वळवून म्हणाले, “चाकाचं पाणी फार उडतंय हल्ली.” भला माणूस.

बाळ आलं ते ठरल्यापेक्षा लवकर. संस्थेत तापाची साथ आली होती आणि धडधाकट बाळं बाहेर ठेवायची घाई होती. ताईनं समोर बसवून स्पष्ट सांगितलं. मुलगी आहे, अगदी कोवळी आहे. जन्म देणारीला विचार बदलायला मुदत असते, ती अजून सरलेली नाही. तोवर मूल सांभाळायला दिलंय असं समजा. मुदत सरली की तुमचं.

“आणि तिनं विचार बदललाच तर?” नवऱ्यानं विचारलं.

“सहसा कुणी येत नाही,” ताई म्हणाली.

या ‘सहसा’वर आम्ही घर बांधलं.

मुलगी एवढीशी होती, डोक्यावर काळी लव, कपाळाला म्हातारीसारख्या आठ्या. डॉक्टरीणबाईंनी मला एक बारीक नळी दिली होती. एक टोक गळ्यात अडकवलेल्या बाटलीत, दुसरं चिकटपट्टीनं छातीला लावलेलं. बाळ छातीला ओढायला लागलं की माझं दूध येईल तेवढं येणार आणि उरलेलं नळीतून, बाटलीतलं. तिला फरक कळणार नाही. मी तिला जवळ घेतलं, तिनं तोंड उघडलं, आणि अशी धरली की मी ओरडलेच. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, “अगं, ही तर गोचीड आहे!”

तेच नाव पडलं. खरं नाव मुदत सरल्यावर ठेवायचं होतं. गोचीड उठली, गोचीड चिकटली, गोचिडीचं पोट भरलं. मी काम सोडून घरी बसले होते आणि दिवसभर तिच्याशी बोलत होते. मला हळू बोलता येत नाही, तिला हळू आवाज आवडायचाही नाही. मी ओरडून हाक मारली की ती मान वळवून माझ्याकडे बघायची. दुसरं कुणी कितीही लाडानं बोलावलं तरी नाही. सासूबाई म्हणायच्या, “नातवंड म्हणजे दुधावरची साय. आपल्याकडे साय आधी आली आणि दूध मागाहून.”

त्याच दिवसांत ताईचा फोन आला. माझे हात अडकलेले होते म्हणून सासूबाईंनी घेतला. बोलणं झाल्यावर मी विचारलं, काय म्हणाली.

“म्हणाली, मुदत सरेपर्यंत अंगावरचंच चालू ठेवा.”

मला कोण आनंद! सरकारनंच मोहोर उठवल्यासारखं वाटलं. संस्थेतून आलेली बाटली, तिची बोंडं, सगळं मी धुऊन वरच्या फळीवर टाकलं. हळूहळू नळीतलं कमी होत गेलं आणि माझं वाढत गेलं. असाही दिवस आला की नळी लावायची गरजच पडली नाही. त्या दिवशी मी आरशासमोर उभी राहून स्वतःकडे बघितलं. इतकी खूश मी कधीच नव्हते, हे तेव्हाच कळत होतं.

देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. मुदत संपत आली होती, आणि ताई न कळवता दारात उभी राहिली. तिच्याबरोबर संस्थेतली मावशी होती, हातात दुपटं घेऊन. दुपटं रिकामं होतं.

मुलीची आई परत आली होती. तिच्या नात्यातली कुणी एक मावशी तिला मुलासकट ठेवून घ्यायला तयार झाली होती, म्हणून.

मी जे ओरडले ते खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन ऐकत होती. मी त्या पोरीला नाही नाही ते बोलले, जिला मी कधी बघितलंही नव्हतं. ताई ऐकून घेत राहिली. मग तिनं विचारलं, “बाटली कुठली वापरता? तीच बरोबर द्या.”

“बाटली कुठली? आम्ही अंगावरच पाजतो. तुम्हीच म्हणालात ना, अंगावरचंच ठेवा.”

ताईचा चेहरा उतरला. “मी म्हणाले होते, वरचंच ठेवा. मुदत सरेपर्यंत वरचंच, बाटलीनं. म्हणजे असं काही झालं तर बाळाचे हाल नकोत.”

वरचं आणि अंगावरचं. दोन अक्षरांचा फरक. आम्ही सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. त्या गोचिडीचे धुतलेले कपडे घडी करत होत्या, उजवा कान आमच्याकडे करून.

ती गेली. जाताना झोपलेली होती, ते एक बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. या खेपेला मीच घेतला. मुलगी काहीच घेत नव्हती. बाटली तोंडाला लावली की मान फिरवते, चमच्यातलं थुंकून टाकते, रडून रडून आवाज बसलाय. तिच्या आईनं अंगाशी धरून बघितलं, पण तिचं दूध केव्हाच आटवलेलं. मूल द्यायचं ठरलं तेव्हाच छाती आवळून बांधली होती तिची. “डॉक्टर म्हणतात, दुपारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर सलाईन लावावं लागेल. तुम्ही याल का?” ताई म्हणाली.

मी ‘बघते’ म्हटलं आणि फोन ठेवला.

नवऱ्यानं एकच विचारलं. “घेतच नाही म्हटल्यावर, परत देतील का गं?”

त्याच्या डोळ्यांत जे होतं तेच माझ्या डोळ्यांत होतं. लाज वाटते, पण होतं. आणि आमच्या दोघांच्या मनातलं सासूबाईंनी तोंडानं म्हटलं.

“जाऊ नकोस. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात ना? रडू दे तिला. रडेल, उपाशी राहील, मग हात टेकतील आणि आणून देतील तुझ्या मांडीवर.”

“आई, तुम्हाला फोनवर नीट ऐकू आलं होतं ना?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “डावा कान चांगला आहे माझा,” म्हणाल्या. “वासरू एकदा गाईच्या अंगाला लागलं की कुणाची छाती होते ओढून न्यायची? मला वाटलं, तुझ्या पदरात ती पक्की पडेल.”

मला त्यांना काय वाटेल ते बोलावंसं वाटलं आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. पिशवी उचलली आणि दुकानात गेले. संस्थेत नाही, दुकानात. मी काही देवी नाही. मी ठरवलं होतं की वाट बघायची.

मालकांनी मला बघून मागच्या खोलीकडे बोट केलं. टेबलावर काचांचा ढीग पडला होता. मी एप्रन चढवला, चष्म्याच्या मापाची एक काच घेतली आणि चाक सुरू केलं. घरघर सुरू झाली आणि छातीत कळ उठली. रात्रभर तुंबलेलं दूध असं आलं की घड्या, कपडे, एप्रन, सगळं भिजून चाकाखालच्या परातीत पडायला लागलं. काचेचा भुगा, पाणी आणि ते दूध. मी बघत राहिले. इथं माझं दूध भुग्यात चाललंय, आणि तिथं तिच्या घशाला कोरड पडलीय. पान्हा चोरणाऱ्या गाईला सासूबाई काठीनं हाणायच्या, त्यांनीच सांगितलं होतं. इथं तर गाय सोडत होती आणि मी चोरत होते.

मी चाक बंद केलं आणि अंधाऱ्या खोलीत जाऊन पंप लावला. बाटली काठोकाठ भरली. नळी पिशवीच्या कप्प्यात होतीच, कोपऱ्यात चिकटपट्टीही. तिथंच मी ठरवलं की मी पाजणार नाही. आज पाजलं तर उद्या पुन्हा हेच. आणि खरं सांगायचं तर एकदा तिला अंगावर घेतल्यावर मी सोडलीच नसती.

तशीच ओल्या एप्रननं मी संस्थेत गेले. बाळांची खोली लांबट होती, भिंतीला हिरवा रंग, ओळीनं पाळणे, मध्ये एक लोखंडी पलंग. पलंगावर ती पोरगी बसली होती. पोरगीच होती हो, कपाळावर पुटकुळ्या असलेली. मी तिच्यासाठी साठवून ठेवलेलं सगळं वाईट बोलणं तिला बघून कुठल्या कुठं गेलं, आणि त्याचाही मला राग आला. तिच्या मांडीवर गोचीड होती. एका रात्रीत तोंड सुकून एवढंसं झालं होतं. आवाज येत नव्हता, नुसतं तोंड उघडत होतं.

ताईनं तिला माझ्याकडे दिलं. तिनं लगेच ओल्या एप्रनवर तोंड घासायला सुरुवात केली. तिला सापडलं होतं. फक्त एक बटण सोडायचं होतं. मी सोडलं नाही. तिला परत त्या पोरीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, “कपडा बाजूला कर.”

“मला येत नाही,” पोरगी म्हणाली. “दूधच नाही मला.”

“मला तरी कुठं होतं? मी तर बाळंतही झाले नव्हते. माझं आलं, तर तुझं का येणार नाही? ती ओढत राहील तसं येईल. तोवर हे.”

मी भरलेली बाटली तिच्या गळ्यात अडकवली. तिच्या कोरड्या छातीवर नळी चिकटपट्टीनं बसवली, टोक जरा पुढं ठेवून. छातीवर बांधल्याचे वळ अजून होते. कामाची सवय असते, हातांना थांबता येत नाही. गोचिडीनं तोंड लावलं. दूध वर चढताना नळीत पांढरी रेघ दिसली, आणि ती ओढायला लागली.

“आता मानेखाली हात घे, डोकं दाबू नकोस,” मी सांगितलं.

माझा आवाज आला तशी गोचिडीनं सोडलं आणि मान वळवली. ती मला शोधत होती.

पोरीनं पुन्हा लावलं. मी म्हटलं, “हां, तसं,” आणि गोचिडीनं पुन्हा सोडलं. दूध तिच्या हनुवटीवरून खाली गेलं. तिसऱ्यांदा मी जमेल तेवढ्या हळू आवाजात काहीतरी म्हणाले, तर ती सोडून रडायलाच लागली, तोंड माझ्याकडे करून.

“ताई,” संस्थेची ताई मला म्हणाली, “तुम्ही बोलू नका.”

मी गप्प झाले. तिला दिसू नये म्हणून पलंगाच्या मागच्या बाजूला गेले आणि पोरीच्या खांद्यावरून हात पुढं करून दाखवत राहिले. कोपर असं. पाठ टेकव. उशी इथं. पोरगीही शहाणी, न विचारता करत गेली. गोचिडीनं पुन्हा धरलं. या वेळी ओढत राहिली. बाटलीतलं दूध खाली खाली जात होतं. तिची मूठ आधी घट्ट होती, मग उघडली, आणि त्या पोरीच्या छातीवर पसरली.

मी पिशवी उचलली. उरलेल्या नळ्या आणि चिकटपट्टी पलंगाच्या कडेला ठेवली. ताईनं मान हलवली. तिनं सांगायची गरज नव्हती, मला कळलं होतं. मी पुन्हा यायचं नव्हतं.

मी दाराशी पोचले तेव्हा त्या पोरीनं विचारलं, अगदी हळू, “तुम्ही तिला काय म्हणून हाक मारायचात?”

नाव जिभेवर होतं. म्हटलं असतं तर गोचिडीनं सोडलं असतं. मी बोट ओठांवर ठेवलं, मान हलवली आणि बाहेर पडले. भोंगा म्हणतात मला.

घरी जाववेना म्हणून पुन्हा दुकानात गेले. मालक पुढं गिऱ्हाइकाशी बोलत होते. मी मागं जाऊन परात धुतली, चाक सुरू केलं, काच धरली. चाकाच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही.

“गोचीड,” मी हाक मारली. “ए गोचिडे.”

आणि दूध आलं.